आई-बाबा युरोप टूरला निघालेत, फोनला नेट कोणतं घ्यावं? (सांगलीकरांनो, जरा सांगा की)

विश्रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. आई-बाबा मे महिन्यात युरोपला निघालेत. ग्रुप टूर आहे, पॅरिसला उतरायचं, मग ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, जर्मनी, स्वित्झर्लंड, जाता जाता लिकटेनश्टाइनचं वाडुझ आणि शेवटी रोम. व्हिसा आला, थर्मलं आली, भडंगाची पाकिटं किती न्यायची यावर घरात रोज चर्चासत्र भरतंय. राहिलंय ते फोनचं.

माणसं तितकी मतं. शेजारचे काका म्हणतात, आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक मारा आणि गप बसा. टूरवाले म्हणतात, पॅरिसला उतरल्यावर सिम बघू. भाऊ बंगळुरूहून सांगतो, ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच बसणारं सिम) घे, पाच मिनिटांचं काम आहे. (पाच मिनिटांचं असेल तर स्वतः येऊन कर म्हणावं.)

बाबांच्या अँड्रॉइडमध्ये दोन सिम आहेत. एकावर बँक, आधार, पेन्शन सगळं जोडलेलं. दुसरं बीएसएनएल, त्यावर गावाकडचे फोन येतात. आईकडे भावाचा जुना आयफोन ११, एकच सिम. गरज म्हणाल तर रोज नातीशी व्हिडिओ कॉल, फोटो पाठवणं, चुकामूक झाली तर नकाशा, आणि बँकेचा ओटीपी आला पाहिजे. बाबांना सेटिंगमध्ये शिरायला आवडत नाही. आईला आवडतं, पण तेच जास्त धोक्याचं आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हरिपूर_रोड

काका बरोबर बोलतायत. ज्येष्ठ मंडळींना रोमिंग पॅकच बरा. सिम तेच, नंबर तोच, काही काढायचं-घालायचं नाही. अ‍ॅपमधून पॅक घ्यायचा आणि तिथं उतरल्यावर डेटा रोमिंगचं एकच बटण चालू करायचं. पैसे थोडे जास्त जातात, पण टूरला लाखांत मोजलेत ना? मग इथं कशाला चिंगूसपणा.

फक्त पॅक घेताना देशांची यादी उघडून बघा. 'युरोप' असं मोघम लिहिलेलं असतं आणि आत एखादा देश गाळलेला असतो. आणि पॅकमधला डेटा संपल्यावर पुढं काय होतं तेही वाचा. कुठं नेट थांबतं, कुठं सुट्या दराने मीटर पडायला लागतो.

स्टुटगार्टचा_सांगलीकर

धागा दिसला म्हणून लिहितो. इकडं राहतोय, त्यामुळे घरचे येतात तेव्हा ही सगळी व्यवस्था मलाच बघायला लागते.

पहिली गोष्ट, यादीतला सगळ्यात अडचणीचा देश स्वित्झर्लंड. आपल्या लोकांचा समज असा की शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) व्हिसा एक, म्हणजे सिमही एकच चालणार. तसं नाही. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून नियम आहे की एका देशात घेतलेलं सिम दुसऱ्या सदस्य देशात जादा रोमिंग न लावता चालवायचं. म्हणजे फ्रान्सचं सिम बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी, इटलीत चालतं. वाडुझमध्येही चालतं, कारण लिकटेनश्टाइन एवढंसं असलं तरी युरोपियन इकॉनॉमिक एरियात आहे आणि नियम तिथंही लागू आहे. स्वित्झर्लंड मात्र शेंगेनमध्ये असूनही त्या एरियात नाही. त्यामुळे पॅरिसला विमानतळावर घाईत घेतलेलं सिम स्वित्झर्लंडमध्ये जाऊन गप्प बसू शकतं. नेमके लोक आल्प्सवर गेल्यावरच घरी व्हिडिओ कॉल लावतात. लंडन यादीत असतं तर तीच कथा, ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही या नियमातून बाहेर पडलं.

म्हणून सिम असो, ई-सिम असो की रोमिंग पॅक, यादीत स्वित्झर्लंड हे नाव डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

दुसरं, 'तिथं गेल्यावर बघू' हे ग्रुप टूरमध्ये जमत नाही. बस उभी असते, टूर लीडर झेंडा धरून पुढं गेलेला असतो. आणि जर्मनीत तर प्रीपेड सिमला २०१७ पासून ओळखपत्राची पडताळणी सक्तीची आहे. सुपरमार्केटात सिमचं पाकीट स्वस्तात मिळतं, पण ते सुरू करायला पासपोर्ट दाखवत व्हिडिओवर बोलत बसावं लागतं. आई-बाबांना ते सांगू नका.

माझं मत, दोघांनाही युरोपचं ट्रॅव्हल ई-सिम, सांगलीतच बसवून. जुनं सिम आत तसंच राहू द्या, ओटीपीसाठी.

शंकेखोर_मिरज

दादा, माझे बाळबोध प्रश्न. ई-सिम म्हणजे नंबर बदलणार ना? मग व्हॉट्सअ‍ॅप नव्या नंबरावर जाणार. आणि ओटीपी जुन्या नंबरावर येणार, तो बंद. मग उपयोग काय?

स्टुटगार्टचा_सांगलीकर

प्रश्न बाळबोध नाही, सगळ्यांना हाच पडतो. व्हॉट्सअ‍ॅपला नंबर लागतो तो नोंदणीपुरता. नंतर त्याला फक्त नेट हवं, ते कुठल्या सिममधून येतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नवं सिम दिसल्यावर कधी कधी ते विचारतं, नंबर बदलायचा का? तिथं जुनाच ठेवा. घाईघाईत 'हो' म्हटलं की सगळा खेळ बिघडला.

बहुतेक ट्रॅव्हल ई-सिमना फोन नंबर नसतोच, नुसता डेटा असतो. आणि जुनं सिम बंद होत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू राहतात, एक नेटला आणि एक एसएमएसला.

गणपती_पेठ_मोबाइल

माझं दुकान आहे, आणि मे महिना आला की रोज दोन-तीन घरं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून बोलतो.

ताई, आधी फोनला ई-सिम चालतं का ते बघा. डायलरमध्ये *#०६# दाबा. आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) बरोबर ईआयडी नावाचा लांबलचक नंबर दिसला तर चालतं. नाही दिसला तर विषय संपला, मग रोमिंग पॅक किंवा प्लास्टिकचं सिम. आईंच्या आयफोन ११ ला चालणार. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सआर, एक्सएसपासून ई-सिम आहे. मात्र चीनमधून आणलेला फोन असेल तर वेगळं, तिथल्या बऱ्याच मॉडेलांत ई-सिमच्या जागी दोन सिमचा ट्रे असतो. बाबांच्या अँड्रॉइडचं मात्र बघूनच सांगता येईल. महागाचा आहे म्हणून ई-सिम असेल असं नाही आणि स्वस्तातला आहे म्हणून नसेल असंही नाही.

बाबांच्या फोनला ईआयडी दिसला तरी आणखी एक गोम आहे. पुष्कळ अँड्रॉइडांत दुसऱ्या सिमची जागा आणि ई-सिम यांतलं एकच काय ते चालू राहतं. म्हणजे ई-सिम चालू केलं की बीएसएनएल झोपणार. माझा सल्ला, बीएसएनएलचं कार्ड काढून घरीच ठेवा. बरोबर नेलं तर तिकडं एवढ्याशा चिपचा शोध हॉटेलच्या गालिच्यात घ्यायला लागतो.

दुसरं, ई-सिम कुणाकडून घेताय ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून एअरअ‍ॅलो आणि होलाफ्लाय ही दोन परदेशी अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून काढली होती, कारण परदेशी सिम इथं विकायला विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या लिंकवरून सिम घेऊ नका. पक्कं बिल देणारा आणि रात्री-अपरात्री फोन किंवा चॅटवर सापडणारा विक्रेता बघा.

आणि ई-सिम बसवायला जो क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो, तो बहुतेक वेळा एकदाच चालतो. एकदा बसवलेलं ई-सिम 'दिसत तर नाही काही, काढून टाकू' म्हणून डिलीट केलं की बहुतेक कंपन्यांत ते गेलंच. आमच्याकडं एका गृहस्थांनी मुंबई विमानतळावर बसून हेच केलं. सिग्नल येत नाही म्हणून उडवून टाकलं. अहो, सिम युरोपचं, मुंबईत सिग्नल कुठनं येणार!

भडंग_आणि_चहा

हसून हसून पुरेवाट! पण ती शंका माझ्याही मनात होती हो.

निवृत्त_बँकवाला

ओटीपीबद्दल सविस्तर लिहितो, कारण या धाग्यात नेटवर सगळे बोलतायत आणि खरी अडवणूक तिथं होते.

परदेशात कार्ड चालवलं, हॉटेलात जादा पैसे भरले, इथल्या खात्यातून काही वळवायचं ठरलं, की ओटीपी जुन्या नंबरावर येतो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या पैसे लावत नाहीत. पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा त्या नंबरावर सुरू असावी लागते. पोस्टपेड असेल तर अ‍ॅपमध्ये बटण असतं. प्रीपेड असेल तर नुसतं बटण चालू करून भागेलच असं नाही, पॅक घेतल्याशिवाय एसएमएस येतो का हे निघण्याआधी कंपनीला विचारून घ्या आणि लागत असेल तर सगळ्यात छोटा पॅक मारा. ओटीपीसाठी तेवढा खर्च करायला हरकत नाही.

आणखी एक साधी गोष्ट लोक विसरतात. प्रीपेडची मुदत परत येण्याच्या तारखेच्या पुढची हवी. रिचार्ज टूरच्या मधेच संपला की येणारे एसएमएस थांबतात, मग रोमिंग सुरू असून काय फायदा?

यूपीआयवाल्यांनी ध्यानात ठेवा, ते अ‍ॅप फोनमधल्या सिमशी बांधलेलं असतं. नेट ई-सिमचं असलं तरी जुनं सिम फोनमध्ये पाहिजे. आणि तिकडं गेल्यावर अ‍ॅप काढून परत टाकण्याचा उद्योग करू नका. नव्याने नोंदणी करताना फोनमधून एसएमएस जातो, तो रोमिंगच्या दराने. गेला नाही तर नोंदणीच होत नाही.

कार्डावर परदेशातला वापर निघण्याआधी चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डं फक्त देशात वापरण्यापुरती चालू असतात. बाबांनी कार्ड घेऊन बरीच वर्षं झाली असतील आणि परदेशात कधी घासलंच नसेल, तर तेही बंद असण्याची शक्यता धरा.

हरिपूर_रोड

म्हणजे ओटीपीला रोमिंग लागणारच, वर ई-सिमचे पैसे वेगळे. मग माझा पॅक काय वाईट होता? एकात दोन्ही आलं असतं.

स्टुटगार्टचा_सांगलीकर

वाईट नाही. दोन-चार दिवसांची सहल असेल तर मीही पॅकच सांगेन. पण पंधरवडा आणि दोन माणसं म्हटल्यावर फरक जाणवतो. शिवाय पॅकमधला डेटा रोजच्या हिशेबात बांधलेला असला तर रोमला एका दिवसात शंभर फोटो पाठवायची सोय राहत नाही. दर सारखे बदलतात म्हणून आकडे लिहीत नाही, पण दोन्ही खिडक्या शेजारी उघडून बघा, मग बोला.

मिरजेची_आत्या

आम्ही दोघं गेल्या वर्षी जाऊन आलो, साधारण अशीच टूर. माझं अनुभवाचं बोलणं ऐका, मुलं नुसती थिअरी सांगतात.

नेट किती लागतं यापेक्षा नेट खातं कोण ते बघा. फोनमध्ये आपण काही करत नसतो तेव्हाच जास्त जातं. फोटो आपोआप ढगात चढवायची सोय असते ना, ती फक्त वाय-फायवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वाय-फायवर. आणि व्हॉट्सअ‍ॅपमधलं आपोआप डाउनलोड मोबाइल डेटावर पूर्ण बंद. आमच्या 'कृष्णाकाठ परिवार' ग्रुपवर सकाळी सहापासून फुलं, सुविचार, आणि आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे व्हिडिओ सुरू होतात. ते सगळे युरोपातल्या डेटावर उतरत होते. यजमानांनी बटण बंद केल्यावर फरक लगेच दिसला.

हॉटेलात वाय-फाय असतं, रात्रीचा व्हिडिओ कॉल त्यावर करायचा. दिवसा फोटो, नकाशा, थोडं बोलणं, एवढ्याला दोघांना मिळून पाच ते दहा जीबी पुरते. यूट्यूबवर कीर्तन ऐकायचं असेल तर घरूनच उतरवून न्या.

आणि घरच्यांना वेळ सांगून ठेवा. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागं असतं. सांगलीत सकाळी साडेसातला चहा घेत कुणी फोन लावला की पॅरिसला पहाटेचे चार वाजलेले असतात. वर तो साधा फोन असेल आणि पॅक नसेल, तर उचलल्याचे पैसे आपल्याला. कर्ज पाहिजे का विचारणारे पण सोडत नाहीत, त्यांना युरोप काय नि उरूस काय.

विश्रामबागची_लेक

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार! *#०६# करून बघितलं, बाबांच्या फोनलाही ईआयडी दिसला. बीएसएनएल घरी राहणार हे बाबांना पटवायला अर्धा तास गेला. "गावाकडनं फोन आला तर?" व्हॉट्सअ‍ॅपवर येईल म्हटलं.

एक कल्पना सुचली. फक्त आईच्या फोनला ई-सिम घेतलं आणि बाबांना हॉटस्पॉट दिला तर? एकाचे पैसे वाचतील.

गणपती_पेठ_मोबाइल

नका करू. दोन कारणं. काही प्लॅनमध्ये, विशेषतः 'अनलिमिटेड' लिहिलेल्या, हॉटस्पॉट चालत नाही किंवा त्याला वेगळी मर्यादा असते. आणि दुसरं, चुकामूक होते ती दोघांची एकमेकांपासून. आई दुकानात शिरल्या, बाबा बाहेर बाकावर बसले, बाबांचं नेट आईंच्या पर्समध्ये. शोधणार कसं?

'अनलिमिटेड'लाही भुलू नका. बहुतेकांत रोज ठरावीक डेटा झाला की वेग इतका पडतो की फोटो जाता जात नाही. बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. त्यापेक्षा मोजून दहा जीबीचा सरळ प्लॅन परवडला.

मुदत कधी सुरू होते तेही बघा. काहींची तिथल्या नेटवर्कला फोन लागला की सुरू होते, काहींची बसवल्या दिवसापासून. पहिल्या प्रकारचं असेल तर आठवडाभर आधी घरीच बसवून टाका. दुसऱ्या प्रकारचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी.

विश्रामबागची_लेक

ठीक, दोन ई-सिम. आता बटणांचं कुणी नीट सांगेल का? कुठलं सिम चालू, कुठलं रोमिंग चालू, यात भाऊ आणि मी दोघंही गोंधळलोय. भाऊ म्हणतो रोमिंग बंद ठेव नाहीतर बिल येईल. ई-सिमच्या सूचनेत लिहिलंय रोमिंग चालू करा.

स्टुटगार्टचा_सांगलीकर

दोघंही बरोबर, कारण बटणं दोन आहेत. डेटा रोमिंगचं बटण प्रत्येक सिमला वेगळं असतं. भाऊ बोलतोय ते सांगलीच्या सिमबद्दल, सूचना बोलतेय ती ई-सिमबद्दल.

असं बघा. ट्रॅव्हल ई-सिम हे स्वतःच कुठल्या तरी तिसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं. फ्रान्समध्ये ते पाहुणं, जर्मनीत पाहुणं, स्वित्झर्लंडमध्येही पाहुणंच. म्हणून त्याचं डेटा रोमिंग चालू नसेल तर दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र येत नाही. "ई-सिम चालत नाही" म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं.

सांगलीच्या सिमचं डेटा रोमिंग बंद. सिम स्वतः चालू, कारण एसएमएस यायचाय. ते सिम पूर्ण बंद केलं तर ओटीपी गेला.

मग 'मोबाइल डेटा कुठल्या सिमचा' तिथं ई-सिम निवडायचं. आयफोनमध्ये त्याच पानावर खाली डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर सरकू देण्याचं बटण असतं, ते बंदच हवं. चालू असेल तर ई-सिमची रेंज गेली की फोन गुपचूप जुन्या सिमकडं वळतो. सॅमसंगमध्येही सिम मॅनेजरमध्ये अशीच सोय आहे. आईंचा आयफोन असल्याने आणखी एक बारीक गोष्ट, नवं सिम दिसलं की आयमेसेज आणि फेसटाइम (अ‍ॅपलची मेसेज आणि कॉलची सोय) परत सुरू होण्यासाठी एक एसएमएस गुपचूप परदेशात पाठवतात आणि तो आपल्या खात्यावर पडतो. आई ते वापरत नसतील तर टूरपुरतं दोन्ही बंद करा.

एवढं करून नेट नाही आलं तर विमान मोड मिनिटभर चालू करून बंद करायचा. तरी नाही तर फोन बंद-चालू. तरीही नाही तर एपीएन (नेट जोडायची फोनमधली सेटिंग) बघायचं, ई-सिमबरोबर आलेल्या कागदावर तो शब्द दिलेला असतो, तसाच्या तसा टाकायचा. तो कागद छापून पासपोर्टच्या पिशवीत ठेवा. मदतीची माहिती फोनमध्ये असते आणि नेट नसल्यामुळे ती उघडत नाही, असा प्रकार असतो.

निवृत्त_बँकवाला

त्या कागदावर टूर लीडरचा नंबर आणि हॉटेलांचे पत्तेही लिहा. युरोपात तातडीचा नंबर ११२, आपल्याकडचाच. हे आई-बाबांच्या लक्षात राहील.

शंकेखोर_मिरज

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे)! एक शंका अजून. सगळे सिमचं बोलताय, विमानात काय?

स्टुटगार्टचा_सांगलीकर

विमान मोड, आणि मनापासून. आता लांब पल्ल्याच्या काही विमानांत स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं. विमान मोड लावला नाही आणि जुन्या सिमचं रोमिंग चालू राहिलं, तर फोन त्याला चिकटतो. त्याचे दर जमिनीवरच्या पॅकमध्ये धरलेले असतीलच असं नाही. समुद्रातल्या क्रूझवरही तसंच, तिथं बोटीचं नेटवर्क उपग्रहावरून असतं.

मिरजेची_आत्या

नकाशाचं कुणी बोललंच नाही. गूगल मॅपमध्ये पॅरिस, रोम, इंटरलाकेन असे तुकडे घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवा. मात्र नेट नसताना तो गाडीचा रस्ता दाखवतो, चालायचा नाही. पण आपण कुठं आहोत तो निळा ठिपका दिसतो आणि हॉटेल कुठल्या बाजूला ते कळतं. एवढ्यावर आमच्या यजमानांनी रोममध्ये ट्रेव्ही कारंज्यापासून हॉटेल गाठलं, वाटेत दोनदा आइस्क्रीम खाऊन.

ताई, आणखी एक. हे सगळं तुम्ही करून देऊ नका. त्यांच्या हातानं करवून घ्या. वहीत लिहू दे. तुमच्या आईंना बटणं दाबायला आवडतं म्हणालात ना, मग त्याच शिकतील आणि बाबांनाही शिकवतील.

विश्रामबागची_लेक

आत्या, केलं. काल संध्याकाळी डायनिंग टेबलवर दोन फोन, एक वही आणि माझा लॅपटॉप. क्यूआर कोड लॅपटॉपवर उघडला, कारण जो फोन स्कॅन करणार त्याच्याच पडद्यावर कोड असून चालत नाही हे बाबांना आधी पटेना. (नंतर कळलं की आयफोनमध्ये आयओएस १७.४ पासून त्या चित्रावर बोट दाबून धरलं तरी चालतं.) ई-सिमला नाव देता येतं. आईनं 'युरोप' दिलं आणि जुन्याला 'सांगली'. बाबांनी आपल्या ई-सिमला 'परदेश' दिलं, वेगळेपण हवंच.

मग तालीम. 'सांगली'चा डेटा बंद, 'युरोप' डेटासाठी निवडलं, त्याचं रोमिंग चालू. सिग्नल अर्थातच नाही. आईनं वहीत लिहिलंय, "इथे सिग्नल येणार नाही. काढून टाकायचे नाही." आणि खाली दोन रेघा.

गणपती_पेठ_मोबाइल

ती वही दुकानात लावायला पाहिजे.

न्यूजर्सीला_निघालेली_आजी

थोडं विषयांतर होईल. मी मुलाकडं अमेरिकेला सहा महिने जाते. मलाही हेच लागू का? माझ्याकडं एक साधा बटणांचा फोन आहे, तो नेला तर बोलायला चालेल का?

स्टुटगार्टचा_सांगलीकर

काकू, सहा महिन्यांना ट्रॅव्हल ई-सिम परवडत नाही. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक जादा लाइन घ्यायला सांगा, किंवा तिथलंच प्रीपेड. तिथला नंबर मिळतो, डॉक्टरकडं, दुकानात तो लागतो. इथला नंबर मात्र रिचार्ज करून जिवंत ठेवा, पेन्शन आणि बँक त्यावर आहे. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची वेळ आली आणि नंबरच बंद पडला असं नको.

बटणांचा फोन घरीच ठेवा. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, टूजीचं तर नावच नको. आता बोलणंही फोरजीवरून होतं, म्हणून त्यांच्या यादीत असलेला फोन लागतो. ऑस्ट्रेलियानेही २०२४ मध्ये थ्रीजी बंद केलं. मुलाला सांगा, तिथलाच एखादा साधा स्मार्टफोन घेऊन ठेव.

विश्रामबागची_लेक

अपडेट! मंडळी सध्या इंटरलाकेनला आहेत. पॅरिसला उतरल्यावर आईचं नेट लगेच आलं, बाबांचं नाही. आईनं वही काढली, बाबांच्या फोनचं ई-सिमचं रोमिंग बंद होतं ते चालू केलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. मागं सगळी बस टाळ्या वाजवत होती. आता ग्रुपमधले निम्मे लोक आईकडं फोन घेऊन येतात म्हणे. टूर लीडर पण.

काल युंगफ्राउयोखवरून कॉल आला, ३,४५४ मीटरवरून, चित्र स्वच्छ. नातीला बर्फ दाखवला. तिनं विचारलं, बर्फाला चव कसली? आईनं चाखून सांगितलं.

ओटीपी एकदाच लागला, बाबांना अ‍ॅमस्टरडॅमला काहीतरी घ्यायचं होतं. आला. थोडा उशिरा आला, तोवर दुकानदारानं पैसे रोख मागितले, पण आला.

हरिपूर_रोड

अभिनंदन. पुढच्या वेळी आमच्या घरचे गेले की आईंचा नंबर मागतो. पॅकवाले आम्ही आता अल्पमतात.

भडंग_आणि_चहा

धागा वर काढतोय, दिवाळीत दुबईला जायचंय. तिथं पण असंच ई-सिम? भाचा म्हणतो तिथं व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागत नाहीत.

स्टुटगार्टचा_सांगलीकर

भाचा बरोबर. अमिरातीतल्या स्थानिक नेटवर मेसेज, फोटो सगळं चालतं, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी आणि व्हिडिओ कॉल अडवतात. तिथं बोटिम वगैरे परवानाधारक अ‍ॅप वापरतात. रोमिंग पॅकचा किंवा ट्रॅव्हल ई-सिमचा डेटा बहुतेक वेळा देशाबाहेरून फिरून जातो, त्यामुळे त्यावर कॉल लागूही शकतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आणि हॉटेलचं वाय-फाय हे स्थानिकच नेट, तिथं तो अडणारच. घरच्यांच्या फोनमध्येही बोटिम आधी टाकून एकदा बोलून बघा. दोन्हीकडं ते अ‍ॅप लागतं.

गणपती_पेठ_मोबाइल

आणि दिवाळीच्या आठवड्यात दुकानात येऊ नका, गर्दीत कुणाला ई-सिम बसवून देत नाही मी. आधी या. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी एक जण 'उद्या पहाटे फ्लाइट आहे' म्हणून आला होता.